आई-वडिलांची रुग्णालयात हेळसांड होत असेल तर : पहिल्या रात्रीच्या वहीपासून तक्रार अर्जापर्यंत

माझ्या वडिलांच्या, नानांच्या, खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी स्पंजिंगला, म्हणजे अंग पुसायला, वॉर्डातल्या मावशी एकट्याच आल्या, म्हणून मी हात लावला. कुशीवर वळवल्यावर माकडहाडापाशी एक लाल डाग दिसला, जुन्या रुपयाएवढा. बोटाने दाबून पाहिलं. आजूबाजूची कातडी दाबली की पांढरी पडायची, डाग मात्र लालच राहायचा. सिस्टरना दाखवला. त्या म्हणाल्या, "वय झालंय ना काकांचं, कातडी नाजूक असते." ८१ वर्षांच्या माणसाची कातडी नाजूक असते हे खरंच, म्हणून मी मान डोलावली. पाचव्या दिवशी तिथे जखम झाली. ऑपरेशनचे टाके पंधरवड्यात निघाले. ही दुसरी जखम भरायला तीन महिने लागले.

दाबल्यावर पांढरा न पडणारा डाग ही बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी असते आणि तेव्हाच त्या जागेवरचा दाब काढला तर तो बहुतेक वेळा बरा होतो, हे मला नंतर कळलं. "वय झालंय" हे तुम्हालाही ऐकवतील. जेवत नाहीत, वय झालंय. असंबद्ध बोलतात, वय झालंय. कातडी वयामुळे नाजूक असेल तर कुशी जास्त वेळा बदलायला हवी, असं उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवं होतं. सुचलं नाही. तुम्हाला वेळेवर सुचावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी वही

शंभर पानी वही घ्या आणि पेन दोऱ्याने तिलाच बांधा, नाहीतर पहिल्याच राऊंडला ते कोणीतरी नेतं. पहिल्या पानावर दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या: नाव, मिलिग्रॅम, वेळ, आणि कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल तर ती. आयुर्वेदिक काढे आणि शेजारच्यांनी सुचवलेली गुडघ्याची पावडरसुद्धा लिहा, लाजू नका.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: माणूस घरी कसा होता. आमच्या वहीत असं होतं: "काठी न घेता चालतात. रोज पेपर पूर्ण वाचतात. दुधाचा हिशोब स्वतः ठेवतात. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. वरची कवळी आहे." नव्या डॉक्टरांना खाटेवर फक्त एक गोंधळलेले म्हातारे गृहस्थ दिसतात, आणि ते नेहमीच असे असावेत असं धरून चाललं जातं. "चार दिवसांपूर्वी हे दुधाचा हिशोब करत होते" हे वाक्य ऐकलं की डॉक्टर कारण शोधायला लागतात. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

पुढच्या पानांवर रोजची नोंद करा. वेळ, काय झालं, कोणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं, एवढंच. "खूप दुर्लक्ष करतात" असं लिहून काही उपयोग नाही. "सकाळी ६.१०, सलाईन संपलेली, बेल वाजवली. सिस्टर ६.४० ला आल्या. बाटली बदलली" असं लिहिलं तर उपयोग आहे. रात्री त्या दिवसाच्या पानाचा फोटो घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. तारीख आपोआप पडते आणि पुढे "हे सगळं मागाहून लिहिलंय" असं म्हणायला कोणाला जागा राहत नाही. डागाचा, सुजलेल्या हाताचा फोटो काढा, पण शेजारच्या खाटेवरचा रुग्ण त्यात येऊ देऊ नका, आणि सिस्टरच्या तोंडासमोर कॅमेरा तर अजिबात धरू नका. त्या क्षणापासून तुमच्याशी कोणी मोकळेपणाने बोलणार नाही.

रोज काय पाहायचं

मोठी चूक, म्हणजे भलतंच ऑपरेशन किंवा भलतंच रक्त, क्वचित होते. म्हाताऱ्या माणसांची हेळसांड लहान लहान गोष्टींतून होते आणि ती नातेवाइकांनाच आधी दिसते.

कातडी: माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची हाडं, कानाच्या मागे ऑक्सिजनची नळी घासते ती जागा. दिवसातून दोनदा पाहा. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कुशी साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. ती कोणी, किती वाजता बदलली हे चार्टवर लिहिलेलं असतं, निदान असायला हवं. हवेची गादी मागा. ती असली तरी कुशी बदलावी लागतेच. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मात्र आपल्या मनाने वळवू नका. दोन पायांमध्ये उशी कशी ठेवायची आणि कुठल्या कुशीवर न्यायचं नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

अचानक झालेला गोंधळ: काल नीट बोलणारी आई संध्याकाळी "मला घरी सोड, ही माणसं कोण आहेत" म्हणू लागली तर ते वेड नव्हे आणि वयही नव्हे. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, दुखणं, झोपेची किंवा दुखण्याची एखादी नवी गोळी अशी त्याची कारणं असतात आणि त्यातली बरीचशी दुरुस्त करता येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे म्हाताऱ्या माणसांचं सोडियम घसरतं, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. गोंधळाचा दुसरा प्रकार जास्त फसवा. माणूस बडबडत नाही, उलट गप्प होऊन दिवसभर झोपून राहतो. "शांत आहेत आज" म्हणून सगळे खूश, आणि आत काहीतरी बिघडत असतं. अशा वेळी चष्मा, कानाचं यंत्र, कवळी उशाशीच ठेवा. ही तिन्ही हमखास कपाटातल्या पिशवीत जातात. समोर घड्याळ ठेवा, दिवसा पडदे उघडा. हात बांधलेले दिसले तर कोणाच्या आदेशाने, किती वेळासाठी बांधलेत हे विचारा. ते केस पेपरवर लिहिलेलं असायला हवं.

जेवण: ताट येतं, ताट जातं. मधे कोणी भरवलं का? झोपलेल्या स्थितीत भरवणं धोक्याचं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. बसवून भरवा, नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. पाण्याच्या घोटाला ठसका लागत असेल तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून मागा.

लघवीची नळी: रोज एकच प्रश्न, "आजही गरज आहे का?" नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, आणि सोय म्हणून ठेवलेली नळी काढायचं सगळेच विसरतात. पिशवी कमरेच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

गोळ्या: वहीच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा. घरची एखादी गोळी मुद्दाम बंद केली आहे की लिहायची राहिली आहे? पार्किन्सनच्या गोळीची वेळ चुकली तर माणूस लाकडासारखा ताठरतो, तेव्हा "दुपारच्या राऊंडला बघू" असं तिथे चालत नाही.

कोणाशी बोलायचं आणि कसं

घरातून एकच माणूस बोलेल असं ठरवा. आमच्याकडे मी होते. तरी ह्यूस्टनचा भाऊ रात्री दीड वाजता आरएमओंना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, थेट फोन करायचा आणि सकाळी मला त्यांची मनधरणी करावी लागायची. परदेशातल्या भावंडांची तळमळ खरी असते, पण त्यांचे प्रश्न तुमच्या वहीतून जाऊ द्या.

रोजच्या सेवेबद्दल आधी ड्यूटीवरच्या सिस्टर, मग इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रन. औषधं, तपासण्या, अचानक बिघडलेली तब्येत यासाठी आरएमओ. उपचार कुठल्या दिशेने चाललेत हे मुख्य डॉक्टरांच्या राऊंडला. तो राऊंड दोन मिनिटांचा असतो, म्हणून तीनच प्रश्न लिहून ठेवा आणि राऊंडच्या वेळी चहाला जाऊ नका.

शब्द महत्त्वाचे. "तुम्ही लक्षच देत नाही" म्हटलं की समोरचा माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, आणि चाळीस खाटांना दोन सिस्टर असतील तर त्याच्याकडे बचाव असतोही. त्याऐवजी, "सिस्टर, दुपारी दोननंतर कुशी बदलल्याची नोंद दिसत नाही. आत्ता आपण दोघी मिळून वळवूया का?" काम होतं आणि प्रश्नही नोंदला जातो. डॉक्टर "वयोमानाने होतं" म्हणाले तर शांतपणे पुढचा प्रश्न विचारायचा: "बरोबर आहे डॉक्टर, पण आठवड्यापूर्वी असं नव्हतं. वयाशिवाय आणखी कशामुळे होऊ शकतं, आणि ते तपासलं का?" माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने नानांची सोडियमची तपासणी झाली. ते कमी निघालं.

कितीही संताप आला तरी आवाज चढवायचा नाही, हात तर नाहीच. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमची तक्रार शंभर टक्के खरी असली तरी त्या क्षणी आरोपी तुम्ही होता.

तोंडी सांगून भागलं नाही तर

एकच गोष्ट दोनदा सांगून फरक पडला नाही, की तिसऱ्यांदा लेखी. माणूस अजून दाखल असतानाच. "तक्रार केली तर रात्री नानांना त्रास देतील" ही भीती आम्हालाही होती, आणि तिच्यापायी आम्ही दोन दिवस घालवले. प्रत्यक्षात अर्ज दिल्यावर संध्याकाळपर्यंत हवेची गादी आली. सगळीकडे असंच होईल अशी हमी मी देत नाही. पण शिक्का बसलेला कागद फाइलला लागला की पुढची चूक झाकणं अवघड जातं, हे रुग्णालयालाही ठाऊक असतं.

अर्ज एका पानाचा हवा. आमचा साधारण असा होता:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय : खाट क्र. अमुक, रुग्ण नोंदणी क्र. अमुक यांच्या शुश्रूषेबाबत. दि. १२ रोजी सकाळी ७ वाजता रुग्णाच्या माकडहाडाजवळ लाल डाग दिसला. ड्यूटीवरील परिचारिकांना त्याच वेळी दाखवला. त्यानंतर दि. १४ पर्यंत कुशी बदलल्याची नोंद चार्टवर आढळत नाही. दि. १४ रोजी त्या जागी जखम झाली आहे. विनंती : शल्यचिकित्सकांनी आज जखम पाहावी, हवेची गादी मिळावी, दर दोन तासांनी कुशी बदलून त्याची नोंद व्हावी, आणि या अर्जावर काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावे."

विशेषणं नाहीत, धमकी नाही, "कोर्टात खेचू" नाही. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच मजकूर ईमेलने पाठवा.

दुसरं मत, किंवा हलवणं

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत रुग्णांचे १७ हक्क आहेत, त्यातला हा एक. तपासण्यांचे अहवाल मागून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा. ते विशेषज्ञ नसतील, पण माणसाला वीस वर्षं ओळखतात.

हलवायचं ठरलं तर आधी दुसरीकडे खाट पक्की करा, मग इथे सांगा. उलट क्रमाने गेलात तर रुग्णवाहिकेत बसून फोन फिरवावे लागतात. डॉक्टरांची संमती नसेल तर 'डामा'च्या कागदावर सही मागतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत असं लिहून देणं. सही करण्याआधी वाचा, आणि तुमचं कारण त्याच कागदावर तुमच्या अक्षरात लिहा: "शुश्रूषेबाबत दि. १४ रोजी लेखी तक्रार केली आहे. पुढील उपचारासाठी अमुक रुग्णालयात नेत आहोत." आरोग्य विमा असेल तर सही करण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा.

पैशाची बाजू

बिलाच्या काळजीने माणसं तक्रार गिळतात, म्हणून थोडक्यात. ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, अर्थात योजनेतल्या रुग्णालयांत. चौकशीसाठी १४५५५. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचा, टेबल असतो, दाखल होतानाच तिथे जा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. खाजगी कॅशलेस विमा असेल तर डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. "टीपीएकडून" (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडून) "आलं नाही" म्हणून म्हाताऱ्या माणसाला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलं जातं, तेव्हा हा आकडा माहीत असलेला बरा. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा पार्थिवाला अडवून ठेवता येत नाही. बिल तपशीलवार मागा. आमच्या बिलात, ज्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आलेच नव्हते त्या दोन दिवसांचे पैसे होते. वही दाखवली, वजा झाले.

कागद हातात घ्या

घरी आल्यावर महिनाभर थकव्यात जातो आणि हे राहून जातं. डिस्चार्ज कार्ड म्हणजे सगळे कागद नव्हेत. लेखी अर्ज करून संपूर्ण केस पेपरची प्रत मागा: दाखल करतानाच्या नोंदी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोंदी, औषधांचा चार्ट, पाणी-लघवीचा चार्ट, ऑपरेशन आणि भूल यांच्या नोंदी, संमतिपत्रं, अहवाल. वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात. झेरॉक्सचे पैसे घेतील, द्या. हेळसांडीच्या प्रकरणात खरा ऐवज नर्सिंग चार्टमध्ये असतो आणि नेमका तोच गठ्ठ्यात नसतो, म्हणून काउंटरवर उभं राहूनच पानं मोजा.

बाहेर तक्रार कुठे

सेवा, दरफलक, बिल, हक्कांची सनद न लावणं अशा गोष्टींसाठी, खाजगी रुग्णालयाची नोंदणी जिथे आहे ते कार्यालय: शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत सुधारणा झाली. तेव्हापासून दर आणि हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि स्थानिक यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष ठेवायचा आहे. सर्वसाधारण कुटुंबाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. खर्च नाही आणि वकील लागत नाही.

डॉक्टरांच्या वैद्यकीय वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल काउन्सिल. ते डॉक्टरवर कारवाई करू शकतं, तुम्हाला भरपाई देऊ शकत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले उपचार ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं. मुदत दोन वर्षांची. उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७. निष्काळजीपणा सिद्ध करायला दुसऱ्या डॉक्टरांचं मत बहुधा लागतं, आणि ते लेखी द्यायला डॉक्टर सहज तयार होत नाहीत. ही तयारी ठेवूनच त्या वाटेला जा. पोलिसांकडे फौजदारी तक्रार हा त्याहून अवघड रस्ता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर स्वतंत्र वैद्यकीय मताशिवाय डॉक्टरवर गुन्हा पुढे सरकत नाही.

सरकारी रुग्णालयात उपचार सगळ्यांनाच मोफत असतील तर ग्राहक आयोगाचा मार्ग बंद असतो. तिथे अधीक्षक किंवा अधिष्ठाता, मग आरोग्य उपसंचालक, 'आपले सरकार' पोर्टल, आणि कागदांसाठी माहितीचा अधिकार.

आणखी एक, लिहायला जड जाणारी गोष्ट. मृत्यू झाला आणि कारणाबद्दल खरोखर शंका असेल तर शवविच्छेदनाची मागणी अंत्यसंस्कारापूर्वीच करावी लागते, पोलिसांना कळवून. नंतर मृत्यूचं कारण सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं. "आता कशाला हाल" असं चार वडीलधारे म्हणतीलच. त्यांचंही चूक नसतं. निर्णय घरच्यांनी घ्यायचा, पण दोन तासांत घ्यावा लागतो हे माहीत असावं.

आणि रोज एकदा त्यांनाच विचारा

सिस्टर, मावशी, ब्युरोकडून पगारी ठेवलेली बाई कोणी जवळ नसताना, कानापाशी बसून विचारा. "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याला ते "हो" म्हणणारच. "रात्री लघवीला कोणाला हाक मारली? कोण आलं?" असं विचारा. मी अकरा दिवसांत हे एकदाही केलं नाही. सगळी वही मी पाहिलेल्या गोष्टींची होती.

घरी आल्यावर नानांनी ती वही मागून घेतली आणि दुधाच्या हिशोबासारखी चष्मा लावून वाचली. चौथ्या रात्रीच्या पानावर मी लिहिलं होतं, "पाणी पीत नाहीत. आग्रह केला तरी नाही. सिस्टर म्हणाल्या, म्हातारपणी तहान कमी होते." त्यावर बोट ठेवून नाना म्हणाले, "तहान होती गं. पॉट मागितला की रात्रीची ती बाई खेकसायची. म्हणून मी पाणी प्यायचंच बंद केलं."